माझ्या पायासाठी केलेली पावडी

माझा उजवा पाय असा कसा झाला, हे कुणी विचारलं की मला आधी राग येतो. मग मी सांगते. ताप होता. गल्लीच्या तोंडाशी एक कंपाउंडर बसायचा, स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचा, त्यानं कमरेखाली सुई टोचली. सुई आत गेली तशी पार अंगठ्यापर्यंत एक कळ गेली आणि मी अशी किंचाळले की बाहेर बाकड्यावर बसलेले बाबा धावत आत आले. "काही नाही, पोरगी घाबरली," म्हणाला मेला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मी खाटेवरून उठले, पाऊल टाकलं आणि तोंडावर आपटले. उजवा पंजा मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा खाली लोंबत होता. बाबा कंपाउंडरला शोधायला गेले, तर त्याच्या दाराला कुलूप.

तेव्हा मी चौथीत होते. सत्तरच्या आगंमागं. नागपुरात इतवारीच्या मागल्या अंगाला आमची विणकरांची वस्ती, घराघरात हातमाग, आणि सकाळ झाली की सगळ्या गल्लीत खटक-खटक सुरू. बाबा लुगडी विणायचे. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे, आणि खाली पायानं दाबायच्या दोन लाकडी फळ्या. त्यांना पावड्या म्हणतात. एक पावडी दाबली की अर्धं सूत वर उचललं जातं, मधून आडव्या सुताचा धोटा फेकायचा, मग दुसरी दाबायची. ती दाबली की पहिली आपसूक वर येते, वर बसलेल्या पायासकट. बाबांचं सगळं आयुष्य त्या दोन फळ्यांवर गेलं.

माझं चालणं म्हणजे तमाशा झाला होता. पाय उचलला की बोटं जमिनीला घासायची, म्हणून गुडघा छातीकडे घेऊन पाऊल आपटत चालायचं. फटक. फटक. चप्पल तर पायात टिकायचीच नाही. शाळेतल्या पोरींनी माझं जे नाव पाडलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यातल्या एकीचं डोकं मी पाटीनं फोडलं, एवढं सांगते आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

माय वेडीपिशी झाली होती. रामटेकच्या रामाला नवस बोलून झाला. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं म्हणून पायाला कबुतराचं रक्त चोळून झालं. मी ओरडत होते, माय रडत होती आणि रडता रडता चोळत होती. "पोरीची जात आहे वं माय," ती येईल त्या बाईला सांगायची, "पोरगा असता तं मी इतकी घाबरली नसती." मला ते ऐकून इतका संताप यायचा की मी मुद्दाम अंगणभर फटक-फटक करत फिरायचे.

शेवटी बाबा मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथले डॉक्टर तरुण होते, शांत बोलायचे. त्यांनी माझ्या तळव्याखाली हात धरला आणि म्हणाले, "दाब." मी दाबलं. "छान. आता वर उचल." मी सगळा जीव एकवटला, दातओठ खाल्ले, पण पंजा जागचा हलला नाही.

"सुईनं शीर दुखावली आहे," ते बाबांना म्हणाले. "पण मेलेली नाही. हळूहळू जागी होईल. कित्येक महिने लागतील. तोवर एकच सांभाळायचं, पंजा खाली लोंबता ठेवायचा नाही. तसाच राहिला तर घोटा आखडेल, आणि मग शीर जागी होऊनही पाय उचलायचा नाही."

त्यांनी एक साधन दिलं. साधन कसलं, एक गुळगुळीत फळी आणि एक रुंद कापडी पट्टी. पाय लांब करून बसायचं, पट्टी पंज्याला अडकवायची, दोन्ही टोकं हातात धरून पंजा आपल्याकडे ओढायचा, तसाच धरून ठेवायचा, मग सोडायचा. रात्री पाऊल फळीला सरळ बांधून झोपायचं. बस. बाबा हात जोडून "हो जी, हो जी" म्हणत होते.

घरी आम्ही ते इमानानं सुरू केलं. मी खाटेवर बसून पट्टी ओढायचे, माय बाजूला बसून रामनाम घ्यायची. पंजा ओढला की यायचा, सोडला की धपकन पडायचा. रोज तेच. दिवाळी आली, गेली, थंडी पडली, पंजा तसाच. माझे दंड दुखायला लागले, पायाला काही सोयरसुतक नाही. बाबा मागावरून माझ्याकडे पाहत राहायचे. त्यांच्या हातातला धोटा थांबायचा, आणि त्यांचा माग थांबलेला मी तोवर कधी ऐकला नव्हता.

एके दिवशी ते उठून आलेच. "हे काय होऊन राहिलं?" म्हणाले. "पाय निपचित पडला आहे अन् हात ओढून राहिले. ताकद हाताले येईन का पायाले?"

"डॉक्टरनं असंच सांगतलं ना जी," माय म्हणाली.

"डॉक्टरनं जन्मात कधी माग चालवला का? पायाचं मले नोको सांगू. माह्या पायाकडे पाहय. मी कधी पाय उचलतो का? दाबतो. दाबला का पाय आपल्या आपण वर येते."

आता विचार करते तेव्हा कळतं, ते मनापासून बोलत होते. पाय उचलणं हे वेगळं काम असतं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या खड्ड्यात कुणाला पाय उचलावाच लागत नव्हता.

दोन दिवस माग बंद ठेवून त्यांनी माझ्यासाठी पावडी केली. जुन्या मागाची एक फळी घेतली, तासून माझ्या पायाच्या मापाची केली. तिला दोरी बांधली, दोरी वर कप्पीवरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला पोत्यात घालून विटा लटकवल्या. फळी दाबली की विटा वर जायच्या, सैल सोडली की विटा खाली येऊन फळी पाय घेऊन वर. आणि विटांचं पोतं कशानं आवळलं? डॉक्टरांच्या त्या पट्टीनं. मजबूत होती म्हणे. रात्री पाऊल फळीला बांधणंही तेव्हापासून सुटलं.

ही पावडी त्यांनी स्वतःच्या खड्ड्यातच बसवली, त्यांच्या उजव्या हाताला. शाळेतून आले की मी त्यांच्या शेजारी काठावर बसायचे, पाय खड्ड्यात. त्यांच्या दोन पावड्या, माझी एक. "दाब वं माय, दाब!" ते माझ्या खांद्याला खांदा मारून म्हणायचे. "पाहय, तुह्या पायात हत्ती बसला आहे!" विटा वाढत गेल्या. माझी पोटरी दगडासारखी टणक झाली. गल्लीतली माणसं बघायला यायची. "काहून गा, हे काय नवीन काढलं?" असं कुणी विचारलं की बाबा मला दाबून दाखवायला लावायचे. एका काकांनी गुडघेदुखीवाल्या आपल्या आईला आणून बसवलं, ती म्हातारी पहिल्याच दाबाला खड्ड्यात घसरली आणि आम्ही पोट धरून हसलो.

लपवून काय करू, मला ते दिवस आवडायचे. बाबा एरवी माझ्याशी कधी इतकं बोलले नव्हते. पण दिवेलागणीला खड्ड्यातून पाय बाहेर काढला की पंजा लोंबतच असायचा. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि त्या पायाला शिव्या घालायचे. उचल. उचल ना मेल्या. एकदा मी त्याला फणीनं मारलं, रक्त आलं, आणि पंजा तरी हलला नाही.

आधी लक्षात आलं ते मायच्या. न्हाणीत मला उभी करून ती पाणी घालत होती.

"टाच टेकव ना वं."

"टेकवली आहे."

"नाई टेकवली. टाचेच्या खालून पाणी वाहून राहिलं."

मी खाली पाहिलं. डावी टाच दगडावर होती. उजवी अधांतरी, आणि तिच्याखालून साबणाचं पाणी खुशाल जात होतं. मी जोर लावला. टेकेना. मायनं दोन्ही हातांनी गुडघा दाबला, तरी टेकेना. ती ओल्या हातांनीच बाबांकडे गेली. बाबांनी माझी पोटरी चाचपली आणि म्हणाले, "ताकद आली का पाय ताठ होतेच. हे चांगलंच होय." मायनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि ती न्हाणीकडे परत वळली. विटा आणखी वाढल्या.

आणि मग उन्हाळ्यात एका सकाळी माझा अंगठा वर उडाला. आपल्या आपण. मी खाटेवर पडून त्याच्याकडे बघत होते, आणि तो उडाला. मी अशी ओरडले की गल्ली गोळा झाली. परत केलं, परत उडाला. बाबा मटकन खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले. त्यांनी घरोघर गूळ वाटला. मायसुद्धा हसली. नवसाला कधी जायचं, याची बोलणी सुरू झाली.

दवाखान्यात जाताना बाबांनी पावडी काढून धुतली, पुसली आणि मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बरोबर घेतली. डॉक्टरांना दाखवायची होती. सायकलरिक्षात ती आमच्या दोघांच्या मधे होती. "साहेबांले म्हणतो, आणखी पोरं असतीन तं त्यायलेही बनवून देतो," असं ते वाटेत म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "उचल." मी उचललं. घोट्याच्या पुढची शीर दोरीसारखी ताठ उभी राहिली, सगळी बोटं वर झाली. पाऊल मात्र जिथल्या तिथं. "शीर आली," डॉक्टर पुटपुटले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पंजा वर रेटला. पुन्हा रेटला. मला रडू फुटलं इतकं दुखलं, पण घोटा लाकडासारखा जाम होता. त्यांनी पोटरीवरून हात फिरवला आणि ते थांबले.

"पट्टी ओढली नाहीत तुम्ही," ते म्हणाले. "उलट दाबलंय. ही पोटरी दाबून दाबून झाली आहे. अहो, शीर परत आली हो, आणि आता तिला उचलायला पाऊल मोकळं नाही. कुणी सांगितलं हिला दाबायला?"

बाबा गाठोड्याची गाठ सोडत होते. त्यांचा हात गाठीवर तसाच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. असं तोंड मी नंतर फक्त मयतीत पाहिलं आहे.

"मीच," मी म्हणाले. "बाबा पट्टी ओढ म्हणत होते. मी ऐकलं नाही. मी मागावर बसून पावडी दाबत होती. खेळायले."

डॉक्टर मला खूप रागावले. एवढी मोठी मुलगी, अक्कल नाही का, वडील बिचारे इथवर घेऊन येतात. मी खाली मान घालून ऐकत होते आणि वाट बघत होते. आता बाबा बोलतील. आता म्हणतील, नाही साहेब, तिचं काही नाही, मीच. मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते. बोला ना हो. बाबांनी गाठ पुन्हा आवळली, गाठोडं काखेत मारलं आणि म्हणाले, "आता काय करायचं, साहेब?"

करायचं ते केलं. प्लास्टर घालून बघितलं, टाच थोडी खाली आली, जमिनीला लागली नाही. ऑपरेशन करता येईल म्हणाले, पण हमी देता येत नाही म्हणाले, आणि सुईचं नाव काढलं की मायचे हातपाय गार पडायचे. ते राहून गेलं. ती पावडी मायनं दवाखान्यातून आलो त्याच दिवशी चुलीत घातली होती. तिला सगळं ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं. दवाखान्यात मी काय बोलले ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

मी वयात आले, मॅट्रिक झाले, पायाच्या पंज्यावर तोल सांभाळत चालायला शिकले. स्थळं यायची आणि मी पोहे घेऊन बाहेर आले की परत जायची. एकदा पारशिवनीकडची माणसं आली. भली होती. मुलाच्या वडिलांनी आडवळण न घेता विचारलं, "पायाचं काय झालं होतं जी?"

आतल्या खोलीत माय होती. मी ताटली धरून उभी होते. बाबांनी घसा साफ केला.

"लहानपणी सुई बाधली जी. तसा पाय बरा झाला असता. डॉक्टरनं चांगला व्यायाम सांगतला होता. पण हे लय हट्टी. आयकलंच नाई. मी रोज सांगू, पट्टी ओढ, पट्टी ओढ. हे मागावर खेळत बसे."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, ते नजर चुकवतील. त्यांनी चुकवली नाही. त्यांच्या डोळ्यांत खोटं नव्हतंच. माझ्या एका वाक्यावर ते इतकी वर्षं जगले होते, आणि जगता जगता त्यांनी ते खरं करून टाकलं होतं. माझ्या हातातली ताटली त्यांच्या अंगावर फेकावी असं वाटलं, देवाशपथ. आणि ते वाक्य काढून घेतलं तर या माणसाजवळ काय उरेल, तेही दिसलं.

"होय ना वं?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "माझंच चुकलं."

बाबा पाहुण्यांकडे वळले. त्यांचा चेहरा कसा उजळला होता. "पाहा," ते म्हणाले, "सोता सांगून राहिली."