जाधव पाण्यात गेला त्यानंतर

माझी शेवटची पोस्टिंग वाराणसी छावणीत होती. आमचं पिढीजात घर तिथल्याच बालाजी घाटाजवळच्या गल्लीत, त्यामुळे रविवारी सुट्टी मिळाली की जेवायला घरी. पलटणीतल्या महाराष्ट्राकडच्या जवानांना माझ्या मराठीत हिंदी फार वाटे. हवालदार पवार म्हणे, "साहेब, तुम्ही आमचे आहात की इथले?"

त्या वर्षी गंगाजी चढल्या. घाट बुडाले, वरुणा नदीचं पाणी उलटं फिरून सखल वस्त्यांत शिरलं. आमच्या कॉलमला, म्हणजे तुकडीला, बोटी घेऊन मदतीला जाण्याचा हुकूम आला. माझ्या बोटीत चौघे होतो: मी सुभेदार, मोटारीवर लान्स नाईक थोरात, दोरीवर हवालदार पवार, आणि पाण्यात उतरणारा नाईक जाधव. पवार आणि जाधव भरतीपासूनचे सोबती.

दोन दिवस काम सुरळीत झालं. छतांवरून माणसं उतरवायची, उंचावरच्या एका शाळेतल्या कॅम्पमध्ये पोचवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी माणसांनी भरलेली एक नाव बांधलेल्या जागेवरून सुटली आणि मुख्य धारेकडे निघाली. आमची बोट तिच्यापर्यंत जाईना, पाण्याखाली बुडालेली घरं होती.

"साहेब, मी जातो," जाधव म्हणाला.

"जा."

त्याने कमरेला दोरी बांधली, पोहत नाव गाठली आणि तिला विजेच्या खांबाला पक्की बांधली. परत येताना तो पाण्याखाली ओढला गेला. पवारने ओढलेली दोरी हलकी आली. बुडालेल्या पत्र्याने ती कापली होती.

रेडिओवर मी म्हणालो, "दोन नंबर बोट. एक जवान पाण्यात. शोध चालू. ओव्हर."

नावेतले सगळे वाचले. जाधवचा मृतदेह दुसऱ्या दिवशी प्रवाहाच्या खालच्या अंगाला सापडला.

पवार बोलेना, जेवेना. आमच्या कॉलमच्या मेजर साहेबांनी मला विचारलं, "याला छावणीत पाठवू?"

"एकटा नको, साहेब. आमच्यात राहू द्या."

पलटणीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. तेही म्हणाले, "बोटीवर नको. पण माणसांत ठेवा."

माझी बायको सुनंदा आणि गल्लीतल्या बायका कॅम्पसाठी रोज खिचडी करून आणत. सुनंदाने पवारच्या हातात डाव दिला. "भाऊजी, मला एकटीला उरकत नाही." तो वाढू लागला. नावेतून वाचलेल्या एका म्हातारीने आपली पत्रावळ त्याच्यापुढे सरकवली. "भइया, पहिले तुम खा लो." पवार तिच्या शेजारी बसला आणि चार घास जेवला.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या ओसरीवर बसलो होतो. पवार म्हणाला, "दोरी माझ्या हातात होती."

थोरात म्हणाला, "बोट लांब मी थांबवली होती."

"आणि त्याला जा म्हणालो मी," मी म्हणालो. "जे झालं ते आपल्या बोटीचं आहे, पवार. तुझ्या एकट्याचं नाही."

तो बराच वेळ रडला. आम्ही उठलो नाही.

जाधवला साताऱ्याकडे त्याच्या गावी न्यायचं होतं. पवारला जाधवच्या बायकोसमोर, वहिनींसमोर, उभं राहायची भीती वाटत होती. मेजर साहेबांनी आम्हा तिघांनाही पाठवलं. अंत्यसंस्कार झाल्यावर वहिनी पवारला म्हणाल्या, "तुम्ही होतात ना जवळ? मग ते एकटे नव्हते." परतीच्या गाडीत पवारला झोप लागली.

बरं व्हायला त्याला वर्ष लागलं. डॉक्टरांकडे जाणं चालू होतं. त्याच्याबरोबर कधी थोरात जाई, कधी मी. पुढे तो पुराच्या ड्रिलचा उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, झाला. नव्या जवानांना पोहण्याच्या आधी तो एक गोष्ट शिकवतो: वाईट दिवसानंतर बोटीतल्या प्रत्येकाने बोलायचं, आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

मी आता निवृत्त आहे. यंदा कार्तिकात जाधवची बायको आणि मुलगी काशीला आल्या. पवार आणि थोरातही रजा घेऊन आले. पंचगंगा घाटावर बांबूच्या टोकाला टोपलीत ठेवून आकाशदीप चढवतात, गेलेल्यांच्या नावाने. एक दिवा आम्ही जाधवचा लावला. मुलगी आता कॉलेजात आहे. तिने पवारला विचारलं, "काका, बाबा कसे होते?"

पवार पायरीवर टेकला. "तुझा बाप मेसमध्ये पोळी चोरायचा," तो म्हणाला, "आणि अर्धी मला द्यायचा." वहिनी हसल्या. वरती टोपलीत नाईक सदाशिव जाधवचा दिवा लागला होता, आणि पवार सांगत होता.