मी केलेली बाहुली

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. पळसदरीजवळच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. डिश अँटेना लावलेला गावातला एकमेव टीव्ही सरपंचांच्या पडवीत असे. निवडणुकीच्या दिवसांत त्यावर बाहुल्यांचा एक विनोदी कार्यक्रम लागायचा. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या बाहुल्या भांडायच्या, खुर्चीवरून पडायच्या. सगळं गाव पोट धरून हसायचं.

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि मला वाटलं, आपणही असं काही करावं. कागदाच्या लगद्याची मुंडकी केली, पडवीतच चादर बांधली.

बौद्धवाडीतून एक गृहस्थ उभे होते. माथेरानला अनेक वर्षं हातरिक्षा ओढलेले. वाडीला पाण्याचा नळ हवा, एवढंच त्यांचं मागणं. पण बोलताना ते अडखळत. मी केलेली त्यांची बाहुली म्हणाली, "न... न... न..." आणि दुसरी म्हणाली, "नको तर नको!" पडवी हसून हसून लोळली. सरपंच सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांची बाहुली मी केलीच नव्हती. तेवढी हिंमत नव्हती.

खेळ संपला तेव्हा कळलं, ते गृहस्थ मागे बायकोसोबत बसले होते. पुढे येऊन त्यांनी बाहुली हातात घेतली. "गुरुजी, नाक बराबर जमलंय," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सभेत ते उभे राहिले, तशी पोरं ओरडली, "न... न... न..." ते खाली बसले. त्यानंतर नुसते हात जोडून घरोघर फिरले. आणि निवडणुकीत पडले.

निकालानंतर मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. बायकोनं चहा ठेवला. ते सावकाश, थांबत थांबत म्हणाले, "टीव्हीवाले दिल्लीवाल्यांना हसतात, गुरुजी. त्यांचं काय बिघडतंय? तुमी मला हसलात. मला आता कोन बोलू देनार नाय."

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. तिचं गणित सुधारलंय, एवढंच मी सांगितलं. चहा संपवला आणि उठलो. माफीचा शब्द तोंडातून निघालाच नाही.

जूनमध्ये खालापूरकडे बदली झाली. कागद हातात पडला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच आज जास्त लाज वाटते.