दादाच्या नावाने रॅली काढू नका

माझ्या भावाला शेवटच्या आठवड्यात तुम्हीच लुटलं, आणि आज त्याचाच फोटो लावून बसलात.

डिलीट करा तो फोटो.

सकाळपासून मला टॅग करताय. "प्रशांतदादा, द लेजंड. आज त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी मेगा रॅली." खाली रडक्या इमोजींची रांग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

प्रशांत माझा मोठा भाऊ. रिसोडजवळचं आमचं गाव. कंत्राटी लाइनमन होता. खांबावरून पडला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं.

आधी मित्र रोज यायचे. मग सणावाराला. मग रस्त्यात मी दिसले की विचारायचे, "कसा हाय प्रशांत?"

तेव्हा त्याने मोबाईलवर हा युद्धाचा गेम घेतला.

त्यात रॅली म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेला हल्ला. एकाने पुकारायचं, बाकीच्यांनी गेममधल्या आपापल्या शहरातून सैन्य पाठवायचं. कोणाचं शहर जवळ, कोणाचं लांब. सगळे एकाच वेळी पोचले तरच समोरचा पडतो.

ते जुळवायचं काम दादाचं.

खाटेवर उताणा, फोन छातीवर, व्हॉइस चॅटवर ओरडायचा, "दूरवाले आधी निघा! ओ नाशिकवाले, तुमी कायले घाई करून राह्यले? थांबा ना बे!"

त्याच्या अलायन्समधली, म्हणजे गेममधल्या टोळीतली, नाशिक, नांदेड, इंदूरची माणसं आमच्या वऱ्हाडी दादाचं ऐकायची. आई चुलीपाशी बसून हसायची.
घरात पुन्हा आवाज आला होता.

मग पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या. इन्फेक्शन रक्तात गेलं. अकोल्याला ॲडमिट केलं.

तुमच्या अलायन्सच्या ग्रुपवर मीच लिहिलं, "दादा सीरियस आहे. काही दिवस येणार नाही. त्याच्या शहराकडे लक्ष ठेवा."

सगळ्यांनी वाचलं. अंगठे आले. गेट वेल सून आलं.

आणि गेममधलं वॉर सुरू झाल्यावर त्याला अलायन्समधून काढून टाकलं.
इनॲक्टिव्ह म्हणून.

अलायन्सबाहेरचं शहर कोणीही लुटू शकतं. तुम्ही तेवढंही परक्यांवर सोडलं नाही.
तुम्हीच आलात.

दादा जागा होता. फोन मागितला, मी दिला. स्क्रीनवर चारी बाजूंनी सैन्य त्याच्या शहराकडे येत होतं. नावं सगळी ओळखीची.

"बंद कर ना दादा."
"थांब. पाहू दे."

शहर जळालं.

ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाला, "पाह्य... सगळे एकदम पोचले. मीच शिकवलं त्याईले."

मग फोन माझ्या हातात दिला.
"काहून केलं असन वं त्याईनं?"

त्याने परत फोन मागितलाच नाही. त्याच आठवड्यात गेला.

मी तुमच्या लीडरला फोन केला होता. आठवतंय? काय म्हणाला तो?
"ताई, पर्सनली घेऊ नका. शेवटी गेम आहे."

गेम आहे ना? मग आज श्रद्धांजली कोणाला वाहताय?

इन्फेक्शन तुम्ही दिलं नाही. तो वाचलाही नसता कदाचित. कळतं मला.
पण जाताना माझा भाऊ तुमचा विचार करत गेला. आईचा नाही, माझा नाही. तुमचा.
हे मी माफ करणार नाही.

अंत्यविधीला तुमच्यातला एकच जण आला. मंगरूळपीरचा इरफान. दादाला जन्मात कधी भेटला नव्हता. ST ने आला, खांदा दिला, बुद्धवंदना संपेपर्यंत हात जोडून मागे उभा राहिला.

मग आईजवळ बसला.
"माय, मी त्या दिवशी ऑनलाइन नव्हतो. असतो तर माझं सैन्य प्रशांतभाऊच्या बाजूनं उभं केलं असतं."

आईला त्यातलं काहीच कळलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जेवून जाय बापू."

त्याने घरी पोचायच्या आधी तुमचा अलायन्स सोडला. बाकी कोणी सोडला?

आज तो सकाळीच आलाय. आतमध्ये आईला भाजी निवडून देतोय. तुमच्यापैकी कोणाला बोलावणं नाही. इमोजी नकोत, रॅली नको, लेजंड तर मुळीच नको.

दादा, तुझी फार आठवण येते रे.
तुझ्या बहिणीचा शेवटचा जय भीम.