शिपायांसाठी बांधलेला कारखाना

२०२३ साल. मी बाहत्तर वर्षांचा. त्या वर्षी मी एक कारखाना बांधला. पुठ्ठ्याचा, पण जसाच्या तसा. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत ज्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात माझा जन्म गेला, तोच. खरा पाडला, तिथं आता गोडाऊन आहे.

कारखान्याचा मालक माझा लहानपणचा दोस्त. तो शेठ आणि मी त्याचा जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम चालू करणारा माणूस. चारचौघांत मी त्याला शेठ म्हणायचो. दोघंच असलो की काय म्हणायचो, ते लिहिण्यासारखं नाही.

खेळण्यातले शिपाई त्याचे. त्याचा बाप जहाजावर खलाशी होता. कुठल्याशा परदेशी बंदरातून त्यानं पोरासाठी शिशाच्या शिपायांची पेटी आणली. बोटाएवढे शिपाई, लाल डगले, उंच काळ्या टोप्या. बंदूकवाले, दोन घोडेस्वार, एक ढोलवाला. पण त्याच्या आईला घरात पुतळे चालत नसत. जिथं नमाज पढायची तिथं माणसांच्या आकृत्या नकोत, असं तिचं म्हणणं. पोरगं रडून रडून लाल. शेवटी तीच माउली पेटी घेऊन आमच्या दारात आली आणि माझ्या आईला म्हणाली, "तुमच्याकडं राहू दे. ह्याला खेळायला मी हिकडंच धाडीन."

तेव्हापासून शिपाई आमच्या कोनाड्यात, आणि शिपायांच्या मागं तो आमच्या घरात. दिवाळीत आम्ही मातीचा किल्ला करायचो. त्यावर मावळ्यांच्या शेजारी हे लाल डगलेवाले पहाऱ्याला. लोक हसायचे. वडील म्हणायचे, "असू दे. पगारी ठेवलेत."

मोठे झालो, लग्नं झाली, त्यानं बापाच्या पैशात लूम टाकले, मी त्याच्याकडं लागलो. शिपाई हलले नाहीत. शुक्रवारी कारखाने बंद. जुम्म्याची नमाज झाली की तो आमच्याकडं यायचा, चहा घ्यायचा आणि शिपाई ओळीनं मांडायचा. रंग उडाला असेल तर मी ब्रश घेऊन बसायचो. कधी मुंबईला चोरबाजारात जाऊन त्याच जातीचे आणखी हुडकायचो. खरं शिसं की नुसता रंग, हे तो दातानं चावून बघायचा. दुकानदार शिव्या द्यायचे.

मग त्याला साखरेनं धरलं. एक डोळा गेला. दुसऱ्याची नजर उतरायला लागली. डॉक्टर म्हणाले, टिकेल तेवढी टिकेल. मुलांनी कारखाना विकला आणि त्याला कशेळीला उंच बिल्डिंगीत नेऊन ठेवलं. जायच्या आधी आमच्याकडं आला होता. शिपाई डोळ्याच्या अगदी जवळ धरून बघत होता.

"जॉबर," म्हणाला, "एकदा ह्यांना आपल्या कारखान्यात उभं केलेलं बघायचंय. नजर हाय तोवर."

"कारखाना हाय कुठं आता?"

"तू बांध की. लई कसबी हात हायेत ना तुझे?"

असं बोलल्यावर मी गप्प बसणारा माणूस नाही. मी म्हटलं, "बांधतो. पण पुरा झाल्याशिवाय हिकडं पाय ठेवायचा न्हाय. अर्धवट काम मी कुणाला दाखवत नाही."

पावसाळ्याच्या आधी सुरुवात केली. मी चौथी शिकलेलो, नकाशा काढता येत नाही. पण त्या इमारतीची वीट न् वीट मला पाठ. शिपायाची उंची ती माणसाची उंची धरली, आणि बाकी सगळं त्या हिशोबात बसवलं. सूत गुंडाळून येतं त्या कोनांचा पुठ्ठा भिंतींना. तेलाचे डबे कापून, नागमोडी वळवून, छपराचे पत्रे. लूमच्या जुन्या फणीच्या तारा खिडक्यांचे गज म्हणून. आत दोन्ही बाजूंना लूमच्या रांगा, मधे माणूस जाईल एवढी वाट. बारा नंबरच्या लूमला डुगडुगू नये म्हणून कायम एक वीट लावलेली असायची, तीसुद्धा केली.

चिकटवायला खळ. मैदा शिजवून केलेली. सुनेनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाबा, दुकानात पांढरा डिंक मिळतो. खळीला उंदीर लागतील."

"अगं, सुताला खळ लावून लावून आख्खी भिवंडी उभी राहिली. मला शिकवतेस?"

"मला काय. तुमचा कारखाना, तुमचे उंदीर."

तो अधूनमधून फोन करायचा. "कुठवर आलं?" "पत्रे चढवतोय." "लवकर कर रे." दसऱ्यानंतर मात्र त्याचं ते 'लवकर कर' बंद झालं. "सावकाश होऊ दे," म्हणायला लागला. मला वाटलं, नजर थांबली असेल एका जागी. बरं झालं.

दिवाळीनंतर काम पुरं झालं. एका शुक्रवारी त्याला बोलावलं. आदल्या संध्याकाळी टेबलावरच्या त्या कारखान्यात सगळे शिपाई मांडले, छप्पर खळीनं पक्कं बसवलं, वर कोऱ्या कापडाचा तागा पसरून ठेवला. सकाळी उठून कापड उचललं तर मागची भिंत गायब. म्हणजे थोडी कड शिल्लक होती, बाकी भुगा. उंदरांनी खळीसकट पुठ्ठा खाल्ला होता. कारखान्यात खळीच्या सुताला उंदीर लागायचे म्हणून आम्ही तिथं मांजर पाळलेली असायची. घरात मांजर नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

 सुनेनं केरसुणी आणून भुगा गोळा केला. 

फोन करून त्याला येऊ नको सांगावं, असं मनात आलं. पण तो निघालेला होता. मी टेबल फिरवलं, खाल्लेली बाजू भिंतीकडं केली, पुन्हा कापड टाकलं. म्हटलं, पुढून बघेल, मागं कशाला जातोय.

त्याच्या मुलानं त्याला दारापर्यंत आणून सोडलं आणि गाडी लावायला गेला. कशेळीपासून ट्रॅफिकमधे तुंबून आलेला, तरी इस्त्रीचा कुर्ता, अत्तर लावलेलं. सुनेनं खुर्ची दिली.

"कसे आहात चाचा?"

"मस्त बेटी. हा म्हातारा तुला छळतो का अजून?"

मग तो टेबलाकडं वळला. पुढं झुकला. मान हलवली.

"वा," म्हणाला. "वा रे जॉबर! अगदी आपलाच कारखाना. पत्रे बघ, खिडक्या बघ. कमाल केलीस."

कापड अजून वरच होतं. मी काढलंच नव्हतं.

सुनेचं तोंड उघडलं. मी तिला हातानं गप्प केलं.  दसऱ्यापासूनचे सगळे फोन एकदम आठवले. मी सहा-सात महिने पत्रे वाकवत बसलो आणि इकडं त्याची नजर संपून गेली. आता हे कोणासाठी?

मी कापड हळूच ओढून घेतलं, तरी ते सरसरलंच. घडी केली.  त्याचा हात धरला आणि छपरावर ठेवला. त्यानं पत्र्यांवरून बोटं फिरवली, खिडकीचे गज चाचपले. दारातून बोट घालायला गेला. शिपायाच्या मापाचं दार, त्यात त्याचं बोट कुठं जाणार? अडकलं.

"शिपाई आत हायेत का?" त्यानं विचारलं.

"आत हायेत."

"हां." एवढंच म्हणाला आणि बोट काढून घेतलं.

मग मी टेबल फिरवलं. उंदरांनी खाल्लेली बाजू त्याच्याकडं आली. त्याचं मनगट धरलं आणि भगदाडातून हात आत सरकवला. त्याच्या हाताला लूम लागले. एकेक करून तो पुढं गेला, मोजल्यासारखा. दोन लूमच्या मधे बंदूकवाला लागला तसा थांबला. त्याची टोपी, खांदा, बंदुकीचं टोक. वाकलेलं टोक त्याला लगेच कळलं.

"हा तर मी दाताखाली वाकवलेला."

"त्याला विणकर केलाय."

बोटं पुढं गेली. "हा खुर्चीवर कोण?"

"ढोलवाला."

"माझ्या खुर्चीवर ढोलवाला?"

"कारखान्यात सगळ्यांत जास्त आवाज कुणाचा होता?"

तो असा हसला की सुनेनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. हसता हसता हात आणखी आत. "अरे, हा एक पडलाय बघ."

"पडला न्हाय. लूमखाली घुसलाय. तो मी."

त्यानं त्या आडव्या शिपायावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. चहा आला, त्यावर साय धरली.

मग म्हणाला, "वर कपडा होता ना मघाशी?"

"होता."

"बोलला न्हाईस ते?"

"तू तरी कुठं बोललास?"

"काय बोलू? तू फोनवर सांगायचास, आज खिडक्या केल्या, आज विटा रंगवल्या. सांगितलं असतं तर तू सगळं उचलून कचऱ्यात टाकलं असतंस. तुझी खोपडी मला माहीत न्हाय?"

टाकलं असतं, हे खरं. 

"ही भिंत मुद्दाम उघडी ठेवलीस?"

"उंदरांनी खाल्ली," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं बिघडलेलं काम मी कुणाला आपणहून सांगितलं असेन.

"मैद्याची खळ लावलीस? घरात मांजर न्हाय आणि खळ?" तो पुन्हा हसायला लागला.

हात तिथून पोचेल तेवढी एक रांग त्यानं दोनदा चाचपली. पलीकडच्या रांगेला हात पुरत नव्हता. मधे लूम, पुढं धडधाकट भिंत.

"पलीकडं बारा नंबर असंल," म्हणाला. "त्याच्यावर कोण?"

"उंच बंदूकवाला. चोरबाजारातला."

"वीट लावलीस?"

"लावली."

"हां." त्यानं ऐकून घेतलं. पण बोटं पुढच्या बाजूला जाऊन खिडकीच्या गजांवर घुटमळत राहिली. गजांमधून काही लागतंय का, ते बघत राहिली. मुलगा त्याला न्यायला आला तेव्हा तो उठला. "पुढच्या शुक्रवारी येतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी करवतीचं पातं काढलं, आणि पुढची भिंत दारं-खिडक्यांसकट खालपासून कापून काढली.