पास झालेलं डांबर

काळाचौकीतल्या आमच्या चाळीत आई भेटेल त्याला सांगते, माझा चेडू रस्ते पास करता. चेडू म्हणजे मी, तिची मुलगी. आणि रस्ते कसले डोंबलाचे! कॉटन ग्रीनच्या एका लॅबमध्ये मी डांबर तपासते, तेही कंत्राटदाराची माणसं डब्यातून आणून देतात तेवढंच. या डांबरात पॉलिमर मिसळलेलं असतं. उन्हात ते वाहू नये, गाड्यांखाली दबलं तरी परत जागेवर यावं म्हणून. मी ते दोन चकत्यांमध्ये धरून गरम करत पिळते. धाग्यासारखं ताणून मधोमध कापते आणि टोकं किती मागे येतात ते बघते.

आमच्या चाळीसमोरच्या रस्त्याचा डबा माझ्याच टेबलावर आला होता. एकदम फर्स्टक्लास माल. पास केला आणि हौसेने आईला सांगितलं. तिने अख्ख्या मजल्याला सांगितलं.

मे महिन्यात बसस्टॉपपाशी, बस ब्रेक मारते तिथे, त्याच रस्त्याचं डांबर सरकून वळ्या पडल्या. आईचा पाय त्यात अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

माझं डोकंच फिरलं. तिथलं ढेकूळ उकरून लॅबमध्ये नेलं, त्यातलं डांबर वेगळं काढलं, ताणलं, कापलं. टोकं जागची हलली नाहीत. साधं डांबर, पॉलिमरचा पत्ताच नाही. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे! साहेबांना म्हटलं, याचा रिपोर्ट पाठवू या, आणि यापुढे नमुना साइटवरच्या टँकरमधून मी स्वतः घेईन. त्यांनी विचारलं, हा नमुना पाठवला कोणी? माझ्या आईच्या खुब्याने, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"आपण डबा तपासतो, रस्ता नाही," एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. मलाही विचारलं, घेणार का म्हणून.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तुझो डबो बरो होतो ना, मग झाला, म्हणाली आणि कूस बदलायला गेली, ती कळवळली.

परवा शेजारच्या काकू तिला बघायला आल्या आणि रस्ता करणाऱ्यांचा उद्धार करू लागल्या. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. आईची वॉकर धरून उभं राहायची खटपट चालली होती. ती तशीच थांबली.

"रस्त्याक काय बोलू नको," ती ठसक्यात म्हणाली. "माझ्या चेडवान तपासलेलो आसा. माझाच लक्ष नव्हता."