ओल्डला हात लावायचा न्हाय

त्या दुपारी ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज इतका खाली होता की मला वाटलं, घरी कुणाला काही झालं.

"अगो, उघडतच न्हाय."

ताई काल्हेरच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. आलेला-गेलेला माल त्यात भरायचा, म्हणजे नोंदवायचा, आणि गेटपास छापायचा. गेटपास हातात पडल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नाही. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते आमच्या कंपनीचं, आणि भिवंडीतल्या त्या छोट्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. दिघाशी गावातल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बारावीनंतर ताई गोदामात लागली म्हणून मी कॉलेजात जाऊ शकले. त्या पदवीवर माझं एकटीचं नाव आहे, यामुळे मला अजूनही अवघडल्यासारखं होतं.

झालं होतं असं, की सकाळी कॉम्प्युटरने नवीन व्हर्जन घ्यायचं का विचारलं आणि तिने 'हो' दाबलं. तिचा कॉम्प्युटर जुना. त्यावर नवीन व्हर्जन सुरूच होईना. भरलेल्या गाड्या फाटकात उभ्या राहिल्या. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला अशाच एका दुपारी कायमचं घरी पाठवलं होतं, ते आम्हा दोघींना माहीत होतं.

गोदामातल्या त्या कॉम्प्युटरवर मेल बंद, व्हॉट्सअॅप बंद. आमची वेबसाइट तेवढी उघडते, म्हणजे जुनं व्हर्जन तिने तिथूनच घ्यायला हवं.

"ताई, डाउनलोडच्या पानावर जा. अगदी खाली बारीक अक्षरात 'ओल्ड' लिहिलंय. ते दाब."

"ते मगाशीच दिसलंय."

"मग दाबलं का नाहीस?"

"येडी हायस का? ओल्डला हात लावायचा न्हाय."

मला क्षणभर कळेना. मग तिनेच घाईघाईत सांगितलं. त्यांच्याकडे ओल्ड म्हणजे परत आलेला, फुटका, तारीख उलटलेला माल. तो लाल पट्टीच्या पलीकडे ठेवतात. चुकून जरी गाडीत चढला तरी चढवणाऱ्याची ड्युटी गेली.

"हे तसं ओल्ड नाही गं. दाब तू."

तिने दाबायला घेतलं असावं, कारण मागून मॅनेजरचा आवाज आला. "ऐ मॅडम, ओल्ड क्यों खोल रही है? एक लफडा कम है क्या? ड्रायव्हर लोग मेरा भेजा खा रहे हैं."

ताई म्हणाली, "ऐकलंस?"

मी फोन तसाच धरून आमच्या सरांच्या टेबलाशी गेले. 'ओल्ड'च्या मागच्या पानावर जुनी व्हर्जन्स होती, पण नुसते आकडे. कुठलं कुठल्या कॉम्प्युटरवर चालतं, एका शब्दाने लिहिलेलं नाही. चुकीचं घेतलं तर भरलेला माल दिसेनासा होतो, हे मी ऐकून होते. सरांनी ताईच्या कॉम्प्युटरची माहिती विचारली आणि कुठलं व्हर्जन घ्यायचं तो आकडा सांगितला.

"सर, त्यांचा मॅनेजर ओल्ड दाबू देत नाही."

"मग शब्द बदल ना. डाउनलोडचं पान बदलता येतं का तुला?"

"येतं," मी म्हणाले. मी ते फक्त दुसऱ्याला करताना पाहिलं होतं.

ते पान आमचे सगळे ग्राहक बघतात. माझ्या हातून ते मोडलं तर माझीही नोकरी जाणार, असं मनात आलं. तरी नवीन व्हर्जनच्या मोठ्या हिरव्या बटणाखाली मी तेवढ्याच आकाराचं दुसरं बटण केलं. त्यावर लिहिलं: 'जुन्या कॉम्प्युटरसाठी हे घ्या. भरलेला माल तसाच राहील.'

"सर, हे खरं आहे ना?"

"ह्या व्हर्जनला खरं आहे. तरी आधी सगळ्या नोंदींची कॉपी काढायला सांग."

ताईने पान पुन्हा उघडलं. तिने ते शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं. मॅनेजर म्हणाला, "हां, ये अपना है. अपना डब्बा पुराना ही तो है. डाल."

कॉपी काढून झाली. मग कितीतरी वेळ जुनं व्हर्जन चढत होतं. मी विचारलं की म्हणायची, "चालू हाय, चालू हाय." शेवटी ती पुटपुटली, "कालचा माल दिसतोय गो." तिच्या पाठोपाठ प्रिंटरची घरघर.

पहिला गेटपास निघाला.

संध्याकाळी ती अंजूरफाट्याला भेटली. मी विचारलं, मॅनेजर काही बोलला का. ती रिक्षात बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरली, आणि मग म्हणाली, "निघताना हाक मारली त्याने. मी म्हटलं, झालं आता. तर म्हणतो, कल जल्दी आना."

"म्हणजे उद्या ये म्हणाला."

"हां. उद्या ये म्हणाला." रिक्षा सुटल्यावर तिने विचारलं, "कल म्हंजे उद्याच ना गो?"