बंद दारापुढचे चिंचोके

भागाबाई मावशी गेल्या, आणि मी मातीला नव्हते.

निरोप आला तेव्हा दौंडकडं खुटबावला कांद्याच्या वावरात मजुरीला होते. गाडी मिळेपर्यंत तिकडं सगळं उरकलं.

कवठे येमाईकडच्या आमच्या ठाकरवस्तीत मावशी सगळ्यांत थोरल्या. मीटिंगला त्या बसल्याशिवाय कुणी विषय काढत नसे.

वस्तीला एकच सार्वजनिक नळ मंजूर झाला, तेव्हाची गोष्ट.
वरच्या आळीला तो वर हवा, आम्हा खालच्यांना खाली. नुसता आरडाओरडा.

मावशी म्हणाल्या, आवाजावर काही ठरायचं नाही. विहिरीवरून हंडा आणला की दारातल्या वाटीत एक चिंचोका टाका. आठवड्यानं वाट्या बघू; ज्या आळीचे चिंचोके जास्त, तिकडं नळ.

वरच्या वाट्या भरल्या. खालच्या बऱ्याचशा रिकाम्या.

रिकाम्या राहणारच. आम्ही तेव्हाही कांद्याला दौंडकडं आलेलो. दारांना कुलपं.

मला सातवा महिना होता. परत गेल्यावर विहिरीची ती चढण हंडा घेऊन कशी चढायची, हीच काळजी.

आणि वावरात मावशींचा फोन.

"तुझ्या घरी रोज किती हंडे लागतात गं?"

"मावशी, आम्ही हाय कुठं तिथं?"

"म्हणून तर इचारते. तुमच्या वाट्या रिकाम्या बघून वरच्यांनी ठरवलंय, खालच्यांना तहानच लागत न्हाई."

अशा बंद घरांना एकेक करून फोन लावले त्यांनी. प्रत्येकाचे चिंचोके स्वतःच्या हातानं वाटीत टाकले.

मीटिंगमध्ये त्यांचे दीर सखाराम आप्पा म्हणाले म्हणे, "वहिनी, नसलेल्या माणसांचं पाणी कुठं मोजत्यात व्हय?"

"नसलेली न्हाईत आप्पा. कामाला गेलीत. येतील."

नळ खालच्या आळीच्या तोंडाशी बसला.
मावशींचं स्वतःचं घर मात्र वर. गुडघे धरून खाली यायच्या, आणि आप्पांना दाखवून हंडा भरायच्या.

तेव्हा पोटात होती ती लेक आता दहावीला आहे. घरी असले की देवापुढचा तांब्या मी त्याच नळावर भरते.
बचत गटाचा हिशोब माझ्याकडं असतो. गैरहजर बाईला विचारल्याशिवाय तिच्या नावापुढं काही लिहीत नाही. हे मावशींचं.

मावशी, आज तुमच्या दारात माणसं कमी दिसली असतील.
आमच्या दारांना पुन्हा कुलपं हायत.

आम्हाला मोजणीत धरा मावशी. आम्ही कामाला आलोय.

खालच्या आळीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.